गोळ्या सुरू केल्यापासून मन थाऱ्यावर नाही? तारखा लावून कसं तपासायचं, बदल कसा करायचा

गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या आणि दोन-तीन आठवड्यांत उगाच रडू यायला लागलं, पोरांवर वसकन ओरडणं वाढलं, आवडत्या गोष्टीतही जीव रमेना. अशी तक्रार घेऊन गेलं की दोनपैकी एक उत्तर हमखास मिळतं: "गोळीचा आणि मनाचा काही संबंध नाही," नाहीतर "मग बंद करून टाका." दोन्ही उत्तरं घाईची आहेत. संबंध आहे, पण तो प्रत्येकीला जाणवत नाही. तुमच्या बाबतीत तो आहे की नाही, हे रोजची नोंद ठेवली तर दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी उघड होतं. आणि दुसरं काही हाताशी नसताना गोळ्या सोडल्या, नको असताना दिवस गेले, तर मनावरचा तो भार गोळीच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून आधी समजून घेणं, मग नोंद, मग बदल, हा क्रम सोडू नका.

गोळी मेंदूपर्यंत पोहोचते कशी

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानात मिळणारी माला-डी यांतलं औषध एकच आहे. पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन या दोन हार्मोनांची कारखान्यात बनवलेली रूपं. उरलेल्या ७ गडद गोळ्यांत हार्मोन नाही, फक्त लोह.

पांढऱ्या गोळीचं मुख्य काम मेंदूतच चालतं. हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्यूटरी अंडाशयाला, आणि मग बीज पिकतं. गोळीतले हार्मोन हा निरोप दाबून ठेवतात. बीज पिकत नाही, गर्भ राहत नाही. गोळी मेंदूला शिवतच नाही असं म्हणणं म्हणजे ती काम कशी करते हेच विसरणं.

निरोप दबला की अंडाशयाचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉनही जवळजवळ थांबतं, आणि मनाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं रसायन बनतं. मेंदूत उत्तेजना शांत करणारी गाबा नावाची व्यवस्था आहे; झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या जिथे काम करतात, तीच. अॅलोप्रेग्नॅनोलोन तिथे जाऊन बसतं आणि बहुतेकींना निवांत करतं. लेव्होनॉरजेस्ट्रेलपासून ते बनत नाही. त्यामुळे गोळ्या चालू असताना रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. यात एक मेख आहे: काही स्त्रियांच्या मेंदूत हेच रसायन उलटी प्रतिक्रिया देतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ज्यांची अतोनात चिडचिड होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी या गटातल्या. त्यांच्या हार्मोनची चढउतार थांबली की त्यांना बरंच वाटू शकतं. एकाच पाकिटाने एक जण सुखावते आणि तिची सख्खी बहीण कोमेजते, त्यामागचं एक कारण हे.

तिसरा रस्ता यकृतातून जातो. इथिनिल इस्ट्रॅडिऑलमुळे यकृत हार्मोन वाहून नेणारी प्रथिनं जास्त तयार करतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, आणि त्याचा परिणाम काहींच्या कामेच्छेवर होतो. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल यांची वाहक प्रथिनंही वाढतात, म्हणून गोळ्या चालू असताना रक्तातलं एकूण टी-४ आणि एकूण कॉर्टिसॉल आजार नसतानाही वाढलेलं दिसतं. थायरॉइड तपासायचं असेल तर टीएसएच आणि फ्री टी-४ सांगा, आणि लॅबच्या कागदावर 'गर्भनिरोधक गोळ्या चालू' असं स्वतः लिहून द्या. ताणाच्या प्रसंगी लाळेतलं कॉर्टिसॉल जसं एरवी चढतं, तसं गोळ्या घेणाऱ्यांमध्ये चढत नाही, हेही १९९० च्या दशकापासून प्रयोगांत दिसत आलं आहे.

भावना हाताळणाऱ्या भागांचं काय? भीती किंवा राग दिसला की अमिग्डला जागी होते, छातीतली धडधड आणि पोटातला गोळा इन्सुलात नोंदला जातो, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग लगाम ओढतो. स्वीडनमधल्या उप्साला इथे २०१३ साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वी गोळ्यांनी मन बिघडलेल्या ३४ स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं हे ना त्यांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. खऱ्या गोळीतलं औषध आणि त्याचं प्रमाण माला-डीइतकंच होतं. खरी गोळी मिळालेल्यांत उदासपणा, मनाचे हेलकावे आणि थकवा वाढला, आणि भावनिक चेहरे बघताना इन्सुला व कपाळामागच्या काही भागांची हालचाल एमआरआयमध्ये कमी दिसली. जिला एकदा त्रास झाला आहे तिला तीच गोळी पुन्हा देताना हा प्रयोग आठवायला हवा.

चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यातही थोडा फरक सापडला आहे. २०१९ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या अभ्यासात अभिमान, तिरस्कार असे गुंतागुंतीचे भाव ओळखताना गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सुमारे १० टक्के कमी पडल्या. सोपे भाव दोघींनाही सारखेच ओळखता आले. हा फरक घरात कुणाच्या लक्षात येईल एवढा नाही. "तुला गोळ्यांमुळे माझं मन कळत नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याला या अभ्यासाचा आधार नाही.

किती जणींना होतं

२०१६ साली डेन्मार्कने १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून जास्त स्त्रियांची सरकारी नोंद तपासली. हार्मोन न घेणाऱ्या दर १०० स्त्रियांमागे वर्षाला १.७ जणींना पहिल्यांदा नैराश्याचं औषध लागलं, घेणाऱ्यांत २.२ जणींना. म्हणजे वाढ आहे, पण बहुतेक जणींना काही झालं नाही. १५ ते १९ वयात मात्र चित्र वेगळं होतं: संयुक्त, म्हणजे दोन्ही हार्मोन असलेल्या, गोळ्यांवर हे प्रमाण १.८ पट, फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांवर २.२ पट. धोका सुरुवातीच्या महिन्यांत चढतो, साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास शिखरावर असतो, मग उतरतो. नोंदीवरून गोळी हेच कारण आहे असं छातीठोक सांगता येत नाही, कारण गोळी सुरू होते त्याच सुमारास आयुष्यात इतरही बरंच घडत असतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने मात्र २०१८ पासून या औषधांच्या माहितीपत्रकात नैराश्याचा आणि त्यातून येणाऱ्या आत्महत्येच्या विचारांचा इशारा घालायला लावला.

स्टॉकहोममध्ये ३४० निरोगी स्त्रियांना तीन महिने खरी किंवा पोकळ गोळी देऊन २०१७ साली निष्कर्ष मांडले गेले. एकूण बरं वाटणं, उत्साह, स्वतःवरचा ताबा यांत खऱ्या गोळीच्या गटात घट झाली, पण नैराश्याच्या लक्षणांत ठोस वाढ दिसली नाही. घरी जे जाणवतं त्याच्याशी हे जुळतं. मोठा आजार होत नाही, पण माणूस स्वतःला 'मी अशी नव्हते' म्हणायला लागतो.

वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मजेत दिसतात, यावरून निष्कर्ष काढू नका. जिला त्रास झाला ती पहिल्या दोन-तीन पाकिटांतच गोळी सोडून गेलेली असते, ती त्या रांगेत उरतच नाही.

सुरू करण्याआधी

शक्य असेल तर गोळी सुरू करण्याआधी दोन पाळ्यांची नोंद ठेवा, आणि त्या काळात निरोध वापरा. ही एकच गोष्ट पुढचा सगळा गोंधळ वाचवते, कारण 'आधी मी कशी होते' याचं उत्तर आठवणीवर अवलंबून राहत नाही. तेवढा वेळ नसेल तर निदान पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी एकदा भरून, तारीख घालून ठेवा. ती मराठीतही आहे. गुण ० ते २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ च्या पुढे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्याशिवाय काहीही आलं तर बेरजेकडे न बघता त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

डॉक्टरांना किंवा सिस्टरांना न विचारताही सांगायच्या गोष्टी: पूर्वी कोणत्या गोळीने मन बिघडलं होतं, नैराश्य किंवा चिंतेची औषधं कधी घेतली, बाळंतपणानंतर उदासी आली होती का, पाळीआधीचा आठवडा किती जड जातो, घरात कुणाला मोठा मानसिक आजार आहे का. नैराश्य असणं म्हणजे गोळ्यांवर बंदी असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत नैराश्य असलेल्या स्त्रीला सगळ्या हार्मोनी पद्धती वापरता येतात. फक्त तिच्यावर लक्ष जास्त ठेवावं लागतं.

मनाच्या नादात शरीर विसरू नका. माला-डी चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून रक्तदाब कुणी मोजतच नाही. तो मोजून घ्या. अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येत असतील, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, वय ३५ च्या पुढे असून सिगारेट चालू असेल, बाळ सहा आठवड्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी नको.

वहीचं पान

मोबाइलमधलं अॅप चालेल, पण साधी वही बरी, कारण ती डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवता येते. रोज रात्री एकाच वेळी, दोन मिनिटांत. आठवड्याचं एकदम भरायचं नाही. तसं केलं की शेवटच्या दिवसाचा मूड सगळ्या आठवड्यावर चढतो. रकाने सहा: तारीख, पाकिटातली गोळी कितवी, उदासी, चिडचिड, झोपेचे तास, आणि त्या दिवशी काय घडलं. उदासी आणि चिडचिडीला ० ते ३ गुण. ० म्हणजे नाही, १ म्हणजे जाणवली, २ म्हणजे कामात अडथळा आला, ३ म्हणजे काम किंवा बोलणं थांबलं.

भरलेलं पान असं दिसतं:

ता. ६, गोळी ९ वी, उदासी १, चिडचिड ३, झोप ७. भाजी करपली म्हणून रडू आलं, अर्धा तास थांबेना.
ता. ७, गोळी १० वी, उदासी २, चिडचिड २, झोप ७. काही घडलं नाही.
ता. ८, गोळी ११ वी, उदासी २, चिडचिड ३, झोप ६. सासूबाई आल्या. पण त्या येण्याआधी सकाळीच तीन.

'काही घडलं नाही' आणि 'आधी सकाळीच तीन' या दोन नोंदी सगळ्यात मोलाच्या. कारण नसताना आलेली उदासी हार्मोनकडे बोट दाखवते. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला आठवड्यातून एकदा वेगळ्या कागदावर गुण द्यायला सांगा, तुमची वही न दाखवता. चिडचिड आपल्याला स्वतःला कमी दिसते.

दोन पाकिटं संपली की पानं शेजारी-शेजारी ठेवून बघा. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत गुण चढले, पांढऱ्या गोळ्यांभर चढलेलेच राहिले आणि लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात उतरले, तर संशय गोळीवर. उलट, पांढऱ्या गोळ्यांवर ठीक आणि गडद गोळ्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत डोकं दुखणं, रडू, चिडचिड, तर तो हार्मोन अचानक थांबल्याचा त्रास आहे. त्यावर उपाय वेगळा, पुढे दिला आहे. आधी पाळीपूर्वीचा आठवडा नरक होता आणि आता सगळा महिना सपाट, तर गोळी तुम्हाला मानवते आहे; एखाद्या वाईट दिवसावरून ती सोडू नका. गुणांचा गोळ्यांशी मेळच नाही, पण रात्रपाळी, भांडण, परीक्षा यांच्याशी आहे, तर गोळी बदलून काही होणार नाही.

गोळीला दोष देण्याआधी तीन रक्ततपासण्या करून घ्याव्यात: हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२. रक्त कमी असलं, थायरॉइड मंद असलं, किंवा शाकाहारी जेवणामुळे बी-१२ खाली गेलं, तर थकवा आणि उदासी अगदी गोळीच्या त्रासासारखीच दिसते. पीसीओएसमुळे, म्हणजे अंडाशयाच्या आणि हार्मोनच्या विकारामुळे, गोळ्या दिल्या असतील तर आणखी एक गोष्ट: या विकारातच नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, म्हणून आधीची नोंद नसेल तर दोन्ही वेगळं काढणं कठीण जातं.

कोणत्या पद्धतीत काय बघायचं

संयुक्त गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनचं रूप बदललं की मनावरचा परिणामही बदलू शकतो. ड्रोस्पायरेनोन ३ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल २० मायक्रोग्रॅम, २४ गोळ्या हार्मोनच्या आणि ४ पोकळ, या मांडणीला अमेरिकेत २००६ साली पाळीपूर्व तीव्र मनोविकारासाठी मान्यता मिळाली. तुमचा त्रास त्या प्रकारचा असेल तर याबद्दल विचारा. पण रक्ताच्या गाठीचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीपेक्षा जास्त: वर्षाला दर १०,००० स्त्रियांत लेव्होनॉरजेस्ट्रेलवर ५ ते ७ जणींना, ड्रोस्पायरेनोनवर ९ ते १२ जणींना, काहीच न घेणाऱ्यांत सुमारे २ जणींना. मुरुमांसाठी आणि पीसीओएससाठी सर्रास लिहिल्या जाणाऱ्या सायप्रोटेरोनच्या गोळ्यांतही गाठीचा धोका लेव्होनॉरजेस्ट्रेलपेक्षा जास्त असतो, आणि नैराश्य हा त्यांचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. त्वचा सुधारली म्हणून मनाकडे दुर्लक्ष होतं, ते होऊ देऊ नका.

अंतरा इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. याच्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची: दिल्यावर परत काढता येत नाही. पूर्वी गोळ्यांनी मन बिघडलं असेल तर पहिलाच पर्याय म्हणून अंतरा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. त्रास झाला तरी तीन महिने आणि त्याहून थोडा जास्त काळ निभवावा लागतो, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येतं, म्हणजे विचार करायला तेवढा अवधी आहे.

हार्मोन असलेली तांबीसारखी पद्धत, लेव्होनॉरजेस्ट्रेल ५२ मिलिग्रॅमची, रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम सोडते. "हार्मोन गर्भाशयातच राहतं" असं सांगितलं जातं ते पूर्ण खरं नाही. थोडं रक्तात येतं, गोळीपेक्षा बरंच कमी. डेन्मार्कच्या नोंदीत तिच्यासोबतही नैराश्याच्या औषधाचं प्रमाण १.४ पट दिसलं होतं. एक बरं की ती काढता येते.

हार्मोन अजिबात नको असेल तर साधी तांबी, कॉपर-टी ३८० ए, दहा वर्षं चालते. ३७५ वाली पाच वर्षं. पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते. त्यातून हिमोग्लोबिन उतरलं की थकवा येतो आणि तोही 'मनाचा' वाटतो, म्हणून लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. छाया ही सेंटक्रोमॅन ३० मिलिग्रॅमची गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात ना इस्ट्रोजेन, ना प्रोजेस्टेरॉन, आणि ती बीज पिकणं थांबवत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. काहींची पाळी लांबते. पीसीओएस किंवा यकृताचा आजार असेल तर देत नाहीत.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचा उल्लेख इथे मुद्दाम. गौरी-गणपती, लग्न, यात्रा आली की नॉरएथिस्टेरोन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून, शेजारणीच्या सांगण्यावरून घेतलं जातं. दिवसाचे १५ मिलिग्रॅम झाले. हेच औषध रोजच्या गर्भनिरोधक गोळीत ०.३५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे चाळीसपटीहून जास्त मात्रा. शिवाय त्याचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्रॅडिऑल बनतो, त्यामुळे गाठ आणि अर्धशिशीचे वरचे नियम इथेही लागू. या काळात किंवा बंद केल्यावर मन उतरलं तर आश्चर्य नको, आणि वहीत ते लिहा. आणि या डोसात ती गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही.

तातडीच्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं, दहा पांढऱ्या माला-एनइतकं, पण एकदाच. ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. त्या आठवड्यातल्या उदासीत काळजीचाच वाटा मोठा असतो. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करा.

बदल कसा करायचा

नुसती चिडचिड, गुण १-२ च्या घरात, तर दोन ते तीन पाकिटं थांबून बघायला हरकत नाही. शरीर रुळतं. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस उदासी, काहीच आवडेनासं होणं, झोप किंवा भूक बिघडणं, कामावर जाववत नाही, असं झालं तर तीन महिन्यांची वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी: टेलिमानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. गोळी त्या दिवशी बंद करायला हरकत नाही. निरोध मात्र त्याच दिवसापासून.

त्रास फक्त गडद गोळ्यांच्या आठवड्यात होत असेल तर डॉक्टरांना विचारून त्या सात गोळ्या वगळता येतात: २१ पांढऱ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट. ८४ दिवसांना तीनऐवजी चार पाकिटं लागतील, ती आधीच आणून ठेवा. मधे डाग पडतात, ते धोक्याचे नसतात. लोह वेगळं घ्यावं लागेल.

एका गोळीवरून दुसरीवर जाताना मधे दिवस सोडू नका. शेवटच्या हार्मोनी गोळीच्या दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली. तांबी बसवायची ठरली तर बसवण्याच्या दिवसापर्यंत गोळ्या चालू ठेवा. तांबी बसल्या क्षणापासून काम करते. सगळंच थांबवायचं असेल तर पाकीट पूर्ण करून थांबणं सोयीचं, कारण पाळीची तारीख कळते आणि नोंद स्वच्छ राहते. गोळीचा अंमल काही दिवसांत जातो आणि बीज पुढच्याच महिन्यात पिकू शकतं. 'एवढे दिवस घेतल्या, आता काही दिवस चालेल' या समजुतीने पुष्कळ गोंधळ होतात. थांबल्यावरही दोन महिने वही चालू ठेवा. गुण उतरले तर उत्तर मिळालं, नाही उतरले तरी मिळालं.

मन उदास असताना गोळ्या विसरतात, त्याचाही हिशोब हवा. एक पांढरी चुकली तर आठवताच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, पुढे रोजच्या वेळी चालू ठेवा आणि सात दिवस निरोध. त्या चुकलेल्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर गडद गोळ्या टाकून थेट नवं पाकीट. घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी.

मनाची इतर औषधं चालू असतील तर

नैराश्यावरच्या नेहमीच्या एसएसआरआय गोळ्यांनी गर्भनिरोधक गोळी कमजोर होत नाही. फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि क्षयावरचं रिफॅम्पिसिन यांनी होते, आणि ती औषधं थांबल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. अशा वेळी तांबी किंवा अंतरा भरवशाची. फिट्स आणि मनाचे हेलकावे यांवरचं लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांनी विशेष जपायचं: इस्ट्रोजेन असलेली गोळी रक्तातलं लॅमोट्रिजिन साधारण निम्म्यावर आणते, आणि लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात ते पुन्हा चढतं. मूड घसरतो, मग चक्कर येते, आणि दोन्हींचं खापर भलत्याच गोष्टीवर फुटतं. गोळी सुरू करताना आणि बंद करतानाही मानसोपचारतज्ज्ञांना आधी कळवा, डोस बदलावा लागतो. त्याच कामाचं दुसरं औषध, व्हॅलप्रोएट, चालू असेल तर गर्भनिरोधक एक दिवसही सुटता कामा नये, कारण त्याने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं.

डॉक्टरांपुढे

"गोळ्यांनी कसंतरी होतं" यावर कुणालाच काही करता येत नाही. वही उघडा आणि एवढंच म्हणा: "डॉक्टर, गोळी सुरू करण्याआधी महिन्यात दोन-तीन दिवस उदासी होती. आता पांढऱ्या गोळ्यांवर बारा-पंधरा दिवस असते आणि लोहाच्या आठवड्यात जाते. हिमोग्लोबिन आणि टीएसएच केलं आहे. मला दिवस जायला नको आहेत, पण हे औषध बदलून हवं आहे." गावात आशाताईंकडून पाकीट येत असेल तर त्यांनाही हेच सांगा. उपकेंद्रात छाया आणि तांबी दोन्ही मिळू शकतात.

वही टाकू नका. पहिल्या पानावर औषधाचं नाव आणि मात्रा लिहा, रिकामं पाकीट चिकटवा. पुढे बाळंतपणानंतर वॉर्डातल्या सिस्टर ४८ तासांच्या आत तांबी बसवायची की पुढे अंतरा घ्यायचं हे विचारायला येतील. तेव्हा तुम्ही दमलेल्या असाल, तारखा आठवणार नाहीत. बरोबरच्या माणसाला ते पान काढून दाखवायला सांगा.